बाद

“हे तीन नग टाकीत बुडवायला कोणी सांगितलं?” हेर हेगेलेंनी विचारलं.

नेरिमाननं हातातले रबरी मोजे काढले आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. “हिनं. ही म्हणाली, बाद.”

मी म्हणाले होते, यात खोटं काही नाही. एकदा नाही, तीनदा म्हणाले होते. पण मी म्हणाले होते मराठीत आणि नेरिमाननं ऐकलं होतं जर्मनमध्ये.

जर्मनमध्ये ‘बाद’ म्हणजे अंघोळ. अस्सल जर्मन माणूस शेवटच्या ‘द’चा ‘ट’ करतो, पण नेरिमान तुर्कस्तानातली आणि मी कोल्हापूरची, आमच्या तोंडी तो ‘द’च राहायचा. त्या कारखान्यात बाद म्हणजे कोपऱ्यातली पोलादी टाकी. तिच्यात हिरवट, तेलकट द्रव असे. ओतलेल्या लोखंडाचा नग त्यात बुडवायचा, धुऊन वाळवायचा आणि पडद्याआडच्या जांभळ्या दिव्याखाली धरायचा. नगाला केसाएवढी जरी चीर असली तरी तिच्यात शिरलेला द्रव हिरवागार चमकतो. हा द्रव महाग, म्हणून शंभरातला एकच नग अंघोळीला जायचा, आणि तो कोणता हे वरच्या मजल्यावरचा तपासणी विभाग ठरवायचा. नग कागदात गुंडाळून खोक्यात भरणारी बाई नव्हे.

ती गुंडाळून भरणारी बाई म्हणजे मी. शैलजा सुतार.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. माझा नवरा शिरीष सॉफ्टवेअरच्या नोकरीवर दक्षिण जर्मनीतल्या त्या गावात आला आणि त्याच्यामागून मी. येताना मेटलर्जीची पदवी आणि शिरोलीच्या एका फाउंड्रीतली आठ वर्षं बरोबर आणली होती. त्यातली शेवटची तीन गुणवत्ता विभागाची प्रमुख म्हणून. वाटलं होतं, लोखंड काय, सगळीकडे सारखंच वितळतं. ते वितळतं सारखंच, पण मी पाठवलेल्या एकेचाळीस अर्जांना आलेली उत्तरंही अगदी सारखी होती. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या ओळीत एक शब्द ठरलेला. लायडर. म्हणजे, खेद वाटतो. शिरीष खालून टपाल घेऊन यायचा आणि जिन्यातूनच सांगायचा, “शैला, लायडर आलाय गं.” पहिली वीसेक पत्रं मी त्यावर मनापासून हसले. पुढे त्यानं ते म्हणायचं बंद केलं.

शेवटी माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीनं मला या कारखान्यात पॅकिंगला लावलं. सहा महिने पारखून घ्यायचे, आणि पसंत पडलं तर कायम. कायम झालं की कारखान्याच्या खर्चानं आठवड्यातून दोनदा जर्मनचा वर्ग. मला हवा होता तो वर्ग. भाषेची परीक्षा दिल्याशिवाय माझ्या पदवीकडे तिथलं सरकार बघणार नव्हतं आणि खाजगी वर्ग आम्हाला झेपणार नव्हता. माझे सहा महिने येत्या सोमवारी भरत होते. सही करणार होते आमचे सुपरवायझर हेगेले. आणि आज गुरुवार होता.

जर्मनमध्ये बाईच्या नावाआधी ‘फ्राउ’ लावतात आणि पुरुषाच्या नावाआधी ‘हेर’. हेगेलेंना तो शब्द मराठी अर्थानंही शोभायचा. पॅकिंगमधल्या कुठल्या बाईनं किती टेप फाडली हे त्यांना पाठमोरं उभं राहूनही कळे. माणूस वाईट नव्हता. कानावर पेन्सिल, तोंडात पुदिन्याची गोळी, आणि मला हाक मारायची झाली की “फ्राउ झुतार”.

“फ्राउ झुतार,” ते आता म्हणाले, “बादचा हुकूम तुम्ही दिलात?”

माझ्या डोक्यात हिशेब भराभर झाला. हो म्हणावं तर आगाऊपणा. नाही म्हणावं तर सहा महिन्यांत बाईला साधं बोलता येत नाही असा शेरा. शिवाय नाही म्हटलं की विनापरवाना टाकी वापरल्याचं सगळं खापर नेरिमानवर. म्हणजे कसंही बोललं तरी मी बादच.

“नेरिमानची चूक नाही,” मी म्हणाले. “शब्द माझा.”

“पण का?”

“वाजत नाहीत.”

“काय वाजत नाही?”

“हे तीन नग.”

हेगेलेंनी गोळी या गालातून त्या गालात सारली. “फ्राउ झुतार, हे ट्रामच्या चाकांचे हब आहेत. चर्चच्या घंटा नाहीत.”

ते वर फोन करायला गेले आणि मी तिथेच उभी राहिले. सांगायचं बरंच होतं, पण माझं जर्मन टेप, कागद, तेल आणि सुट्टी यांच्या पलीकडे फारसं जात नव्हतं.

झालं होतं ते असं. एकेक हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, चौदा किलोचा. तो छोट्या क्रेनच्या हुकाला अडकून माझ्यासमोर येई आणि खोक्यात उतरण्याआधी क्षणभर हवेत लटके. लटकलेल्या लोखंडाला टिचकी मारल्याशिवाय मला राहवत नाही. माझे दादा, म्हणजे वडील, शिरोलीला कास्टिंग तपासायला होते. बाजारात आई मडकं जसं वाजवून घ्यायची, तसं दादा लोखंड वाजवून घ्यायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. ते साखळीला टांगलेल्या नगावर छोटी हातोडी मारायचे आणि म्हणायचे, “कान दे की जरा. ह्यो बोलतोय बघ, लांबवर. आता ह्यो ऐक. बद्द वाजतंय का न्हाई? बद्द वाजलं का बाद. त्याच्यापुढं काय बोलायचं न्हाई.”

पुढे मी पदवी घेतली, यंत्रं शिकले, पण हाताची खोड गेली नाही. पॅकिंगमध्ये हातोडी कुठली असणार? खोक्यांची तार कापायची पक्कड होती. तिच्या मुठीनं मी येणारा प्रत्येक हब हळूच वाजवून बघायची. कारखान्याच्या गोंगाटात कोणाला कळायचं नाही. जवळजवळ सहा महिने सगळे खणखणीत वाजले. जर्मन लोखंडाबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

त्या गुरुवारी सकाळी एक हब बद्द वाजला. मी पुन्हा वाजवला. बद्द. “बाद,” मी म्हणाले, जशी शिरोलीला म्हणायची तशीच, मोठ्यानं, आणि तो बाजूच्या टेबलावर ठेवला. माल वेगवेगळ्या ओतांमधला, मिसळून येई; पुढचे काही चांगले गेले. मग आणखी एक. मग तिसरा. हे आता हेगेलेंना कसं सांगायचं, त्याचं वाक्य जुळवत मी कागदाची रिळं आणायला गेले.

टाकीवरची नेरिमान माझ्यापासून सहा फुटांवर उभी असायची. तिला या कारखान्यात सात वर्षं झाली होती तरी तिचंही जर्मन माझ्याच वळणावर गेलेलं. आम्ही दोघींनी आमच्यापुरती एक भाषा काढली होती. एका वेळी एक शब्द. कागद. कात्री. चहा. त्या भाषेत क्रियापदांची कटकट नव्हती. तेव्हा मी तीनदा ‘बाद’ म्हटल्यावर तिनं ते तीन नग उचलून अंघोळीला घातले, यात तिचं काय चुकलं?

वरून फ्राउ व्हेंट आल्या. तपासणी विभागाच्या प्रमुख. सहा फूट उंच, पांढरा कोट, आणि बोलणं इतकं कमी की हेगेले त्यांच्यासमोर उगाच जास्त बोलायचे. आताही त्यांनी टाकीतला द्रव, दोनचा ट्रक, सोमवार आणि चर्चच्या घंटा सगळं एका दमात सांगून टाकलं. व्हेंटबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बुडवलेच आहेत, तर बघू.”

आम्ही चौघं पडद्याआड शिरलो. जांभळ्या दिव्याखाली नेरिमाननं पहिला हब फिरवला. बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत हिरवी रेघ उजळली. हेगेलेंच्या तोंडातली गोळी थांबली. दुसरा फिरवला. तिथंही रेघ, जरा लहान. तिसरा फिरवला. काही नाही. उलटा केला. काही नाही.

“दोन खराब, एक चांगला,” हेगेले म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “ठीक आहे, फ्राउ झुतार. नशीब म्हणायचं. पण पुढच्या वेळी आधी मला सांगा.”

इथे गप्प बसायला हवं होतं. मान डोलावली असती, तर सोमवारी सही ठरलेली होती. शिरीष आजही म्हणतो की त्या क्षणी मी गप्प बसले असते तर ते माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असतं.

पडद्याबाहेर येऊन हेगेलेंनी तिसरा हब हुकाला अडकवला. तो वर उचलला गेला आणि माझ्यासमोर येऊन लटकला. पक्कड हातातच होती.

बद्द.

“हाही बाद,” मी म्हणाले.

“आत्ताच तर अंघोळ झाली त्याची,” हेगेले म्हणाले.

“अंघोळ नाही. माझ्या भाषेतला बाद.” मी अंगठ्यानं दार दाखवलं. “बाहेर.”

व्हेंटबाईंनी हब हातानं थांबवला. “दिव्यात काही दिसलं नाही.”

“दिवा वरचं बघतो. हे आत आहे.”

“आत काय आहे?”

इथं माझं गाडं अडलं. आत काय आहे ते मला मराठीत येत होतं, इंग्रजीत त्याहून बरं येत होतं, पण इंग्रजी बोलले की हेगेले हात वर करायचे. मी त्यांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. ते चकित होऊन रिकामा कान चाचपू लागले. पॅकिंगच्या कागदावर मी एक चौकोन काढला आणि त्यात गोल गोल ठिपके भरले. “असं हवं.” शेजारी दुसरा चौकोन काढला आणि त्यात वाकड्यातिकड्या, टोकदार पाकळ्या भरल्या. “असं आहे.”

व्हेंटबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. या जातीच्या लोखंडात मॅग्नेशियममुळे कार्बन गोळ्यांच्या रूपात बसायला हवा. गोळ्यांच्या जागी पाकळ्या झाल्या, तर लोखंड दिसायला तेच, पण ताकदीला निम्मं. हे त्यांना माहीत होतं. एखादी पॅकिंगवाली बाई ते काढून दाखवते आहे, हे त्यांना नवीन होतं.

“कापा,” मी म्हणाले. “कापून बघा.”

“कापला तर हब भंगारात जाईल,” हेगेले म्हणाले. “तोवर ट्रकही थांबवावा लागेल. आणि आत सगळं चांगलं निघालं तर?” मग जरा घुटमळून, “सोमवारी हिचा कागद माझ्यासमोर येतोय, फ्राउ व्हेंट. मी काय लिहू?”

 व्हेंटबाईंनी माझ्याकडे बघितलं.  मनात आलं, दादांचा कान होता तो, माझा तसाच आहे कशावरून? इथली क्रेन वेगळी, हुक वेगळा, पक्कड काही हातोडी नाही. सहा महिने तेलात काळे केलेले हात आणि तो वर्ग, सगळं एका आवाजावर घालवायचं का?

“कापा,” मी पुन्हा म्हणाले.

कापून, घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली जाईपर्यंत पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ हेगेलेंनी मला दुसऱ्या खोक्यांच्या कामाला लावलं. एकही नग वाजवायचा धीर मला झाला नाही. अकराच्या सुमारास नेरिमान कागदी कपात चहा घेऊन आली.

“चहा,” ती म्हणाली. मग टाकीकडे बोट दाखवून, “बाद?”

मी मान हलवली. हातानं काट मारून दाखवली आणि अंगठा दाराकडे केला. “बाद.”

तिच्या डोक्यात प्रकाश पडला. “ओहो,” ती म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता तिनं स्वतःच्या टाकीवरच्या ‘बाद’ लिहिलेल्या पाटीकडे बघितलं. “चांगला शब्द.”

साडेबाराला मला वर बोलावलं. सहा महिन्यांत तो जिना मी पहिल्यांदाच चढत होते. व्हेंटबाई खिडकीशी उभ्या होत्या. हेगेले खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या तोंडात गोळी नव्हती. बाईंनी सूक्ष्मदर्शकाकडे हात केला. मी वाकून बघितलं. पाकळ्याच पाकळ्या. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं, आणि ते काही शोभणारं नव्हतं, कारण समोर अख्ख्या ओताचा माल खराब निघाला होता.

“मंगळवारी भट्टीपाशी क्रेन अडकली होती,” व्हेंटबाई म्हणाल्या. “वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी चौदा मिनिटं थांबून राहिलं. नोंद आहे.”

“मॅग्नेशियम उडालं,” मी म्हणाले. याला दोन्ही भाषांत एकच शब्द आहे, ही माझ्यावर मोठी कृपाच.

“हो,” त्या म्हणाल्या. “त्या ओतातले एकशे साठ हब मी थांबवले आहेत. ट्रक रिकामा जाईल.” मग त्यांनी टेबलावरची एक फाइल उघडली. फाइल म्हणजे एकच पान, माझा फॉर्म. “फ्राउ सुतार, हे तुम्ही कुठे शिकलात?”

त्यांनी ‘सुतार’ असं नीट म्हटलं, हे मला नंतर घरी गेल्यावर जाणवलं. तेव्हा मी त्या पानाकडे बघत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख. शिक्षण: शाळा. आधीची नोकरी: आणि पुढे एक आडवी रेघ.

ती रेघ मी मारली होती. एजन्सीतली चष्मेवाली मुलगी चांगली होती, तिला माझी काळजी होती. ती म्हणाली होती, पॅकिंगला इंजिनियर कोणी घेत नाही, ही ओळ राहिली तर याचंही उत्तर ‘लायडर’च येईल. पण तिनं स्वतः काही खोडलं नाही. तिनं फक्त एक कोरा फॉर्म आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. एकेचाळीस जणांनी मला बाद केलं होतं. बेचाळिसाव्या वेळी ते काम मी माझ्या हातानं केलं, चांगल्या सुवाच्य अक्षरात. शिरीषला मी सांगितलं होतं, एजन्सीनंच काढून टाकलं म्हणून.

“मी इंजिनियर आहे. धातूंची. आठ वर्षं फाउंड्रीत होते,” मी म्हणाले. “ते मीच काढून टाकलं.”

व्हेंटबाईंनी कोटाच्या खिशातलं पेन काढून फॉर्मवर ठेवलं. “मग परत लिहा.”

मी लिहायला बसले आणि मला रडू आलं. हेगेलेंनी घाईघाईनं खिसे चाचपले. रुमाल काही सापडला नाही, तेव्हा त्यांनी पुदिन्याची गोळी पुढे केली. ती तोंडात ठेवून मी आठ वर्षं त्या एका ओळीत बसवली. ओळ अपुरी पडली, म्हणून समासातही लिहिलं.

सोमवारी हेगेलेंनी सही केली. कायम झाले, वर्ग मिळाला, पक्कड जाऊन हातोडी आली आणि दोन वर्षांनी पदवीचा कागदही आला. पण मला आठवतं ते त्याच गुरुवारचं, पाळी सुटल्यानंतरचं.

कपडे बदलायच्या खोलीत नेरिमान बाकावर बसून बूट काढत होती. मी जवळ जाऊन बसले. तिला सगळं सांगितलं, या खेपेला क्रियापदं लावून, जमतील तशी. मी इंजिनियर आहे. धातूंची. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. ती थक्क होईल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिनं थक्क व्हावं अशी माझी इच्छाही होती.

तिनं नुसती मान डोलावली आणि दुसरा बूट काढला. “मी रसायनशास्त्र शिकवत होते,” ती म्हणाली. “बुर्साला. कॉलेजमध्ये. अकरा वर्षं.”

 त्या टाकीतल्या द्रवाचं प्रमाण ती मोजपात्राशिवाय, नुसत्या नजरेनं जमवायची, ते डोळ्यांसमोर आलं. मला वाटायचं, सात वर्षांची सवय असेल.

“कधी बोलली नाहीस,” मी म्हणाले.

“तू विचारलंस कुठे?”

ती हे रागानं म्हणाली नाही. बूट कपाटात ठेवता ठेवता म्हणाली. सहा महिने मी समोर येणारा प्रत्येक नग वाजवून बघत होते आणि सहा फुटांवरच्या बाईला साधा एक प्रश्न विचारला नव्हता. मला माझी लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी मी जिना चढून गेले आणि व्हेंटबाईंकडून एक कोरा फॉर्म मागून आणला. नेरिमान तो हातात घेईना. हातांना तेल आहे म्हणाली, मग वेळ नाही म्हणाली, मग टाकीकडे वळून उभी राहिली. मी फॉर्म टाकीच्या झाकणावर ठेवला, पेन तिच्या मोज्यात खोचलं आणि ‘शिक्षण’ या शब्दावर बोट ठेवलं.

“कागद,” मी म्हणाले. “पेन.”

आमच्या भाषेत क्रियापदं नव्हती. पुढचं तिला समजलं. तिनं मोजे काढले, हात पुसले आणि लिहायला लागली.